मागच्या सीटवरचं पान

अप्पा, तुमच्या धाकट्याची गाडी मला दोनदा उचलावी लागली. पहिल्यांदा उचलली ती तुमच्या पद्धतीनं, दुसऱ्यांदा तुमची पद्धत मोडून. दोन्ही वेळा मागच्या सीटवर बसून पान लावून बघितलं. पहिल्या वेळी पान मी लावलं, दुसऱ्या वेळी अव्वानं. दोन्ही वेळा चुना पानावरच राहिला, बोटांना लागला नाही. तरी पहिली गाडी चुकली होती, आणि ती चूक अव्वाच्या, तुमच्या बायकोच्या पाठीनं सोसली. हे तुम्हाला सांगायला हवं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण शॉकअपचं बोलायचं म्हटलं की अजून तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सुचत नाही.

तुमच्या वेळी गाडी उचलणं हा शब्द नव्हता. आपण म्हणायचो, पाटा चढवायचा. गावोगावी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपा अक्कलकोट रोडच्या आपल्या गॅरेजात यायच्या. मागून बसलेल्या, पोट रस्त्याला टेकायला आलेलं. तुम्ही चाकावरच्या कमानीत लोखंडाचा एक पाटा वाढवायचा, गाडी वर यायची, आणि मग निवांत शॉकअप निवडायला बसायचा. पाटा कुणीही चढवतो, असं तुम्ही म्हणायचा, गाडी माणसाळते ती शॉकअपनं. गिऱ्हाइकाला तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, मागं किती बसतात. तो म्हणायचा बारा. तुम्ही वीस धरायचा. भरल्या गाडीचा विचार करायचा, रिकामी गाडी काय, एकट्या ड्रायव्हरची, त्याला सवय हाय, हे तुमचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही डोळे मिटले तरी तुमच्या तोंडातल्या पानासकट ऐकू येतं.

आणि मग तुमची परीक्षा. संध्याकाळी एमआयडीसीतली पाळी सुटायची. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतले लोक केसांत कापसाचा भुगा घेऊन सायकली हातात धरून चालत निघायचे. तुम्ही रस्त्याच्या कडेला जीप लावून हाक मारायचा, बसा, फुकट सोडतो. त्यांना ठाऊक असायचं. तेलुगूत एकमेकांची टिंगल करत ते जीपमध्ये चढायचे, सायकली टपावर जायच्या, आणि तुम्ही सगळ्यांत मागं, सगळ्यांत वाईट जागेवर बसायचा. गाडी खड्ड्यांच्या वाटेला लागली की तुम्ही चंची सोडून पान काढायचा, मांडीवर पुसायचा, डबीतला चुना बोटावर घेऊन पानाच्या कडेपर्यंत ओढायचा. चुना नीट ओढता आला तर गाडी जमली. बोटं बरबटली तर दुसऱ्या दिवशी शॉकअप परत खाली. आख्ख्या सोलापुरात अशी परीक्षा घेणारा दुसरा मिस्त्री नव्हता. अव्वा म्हणायची, पान खायला निमित्त पाहिजे यांना, दुसरं काय.

मला गॅरेजात घ्यायचं तुमच्या मनात नव्हतं. बी.कॉम. झालेली पोरगी गल्ल्यावर बसेल, एवढीच तुमची तयारी. मी गल्ल्यावरून उठून गाडीखाली कधी गेले ते मलाही नीट आठवत नाही, पण तुम्ही शिंप्याकडून माझ्या मापाची खाकी डांगरी शिवून आणली तो दिवस आठवतो. पुडकं टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, साडीचा पदर जॅकमध्ये गुंतला तर मला निस्तरावं लागंल. माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही मला इतकी मोठी वस्तू दिली नाही. डांगरी आता अंगात शिरत नाही, पण टाकलेली नाही.

मग ते वैरागचं गिऱ्हाईक. मी गाडी जमिनीवर उभी असतानाच शॉकअप अडकवायच्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंत टेप लावली आणि माप सांगितलं. तुम्ही त्या माणसासमोर माझ्या हातातली टेप काढून घेतली. "उभी गाडी खोटं बोलती," तुम्ही म्हणालात. "चाक लोंबताना बघ, चाक दबताना बघ. मग मला माप सांग." मी रागानं लाल झाले, पण चाक जॅकवरून सोडून लोंबवलं, माप घेतलं, मग रबराच्या ठोकळ्याला टेकेपर्यंत वर दाबलं, परत घेतलं. तेव्हा कळलं. गाडी उचलली की चाक पहिल्यापेक्षा खाली लोंबतं. जुना शॉकअप तेवढा लांबत नाही, खड्ड्यात चाक उतरलं की सगळा भार त्याच्या दांडीवर, आणि एक दिवस दांडी उपसून बाहेर. बरं, हौसेनं फार लांब घ्यावा, तर चाक दबताना त्याला मिटायला जागा नाही, आतून फुटतो नाहीतर गाडीचा कान तोडतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या रात्री मी जेवायला बसले आणि ताट ढकललं. तुम्ही कडक भाकरीचा तुकडा मोडून, वर शेंगाचटणी घालून माझ्या ताटात टाकला. अव्वा चुलीजवळून म्हणाली, गाडीवरचा राग ताटावर काढू नगं. मी जेवले. माफीबिफी कुणी मागितली नाही, आपल्याकडं ती पद्धत नव्हती.

आता आपलं गॅरेज बघितलंत तर तुम्ही हसाल. वडाप जवळजवळ संपलं. आता येतात ते हौशी. डॉक्टर, बिल्डर, त्यांची पोरं. रविवारी चिखलात गाडी घालायची, सोमवारी धुवायची, म्हणून गाडी वर पाहिजे. शॉकअप कसला घेऊ असं विचारलं तर म्हणतात लाल. पिवळाही चालेल, पण बाहेरून दिसला पाहिजे. मी त्यांना चार प्रश्न विचारते, गाडीत काय भरता, वाट दगडाची की चिखलाची, किती वेळ सलग पळवता, मागं कोण बसतं. ते मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतात. मी हवं ते देते, लांबीचं माप मात्र माझंच घेते. तेवढ्यावर गॅरेज बरं चाललंय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशा गाड्या, पण पैसे खरे आहेत.

अव्वा शेतात आहे, धाकट्याजवळ. तुम्ही गेल्यावर तिनं शहरात राहायचं नाकारलं. वस्तीची वाट तुमच्या वेळची तशीच आहे, काळ्या रानातली, मध्ये ओढा. ट्रॅक्टरनं चाकोऱ्या इतक्या खोल केल्यात की साधी गाडी पोटावर बसते. मागच्या पावसाळ्यात अव्वा गोठ्यात घसरून पडली. धाकट्यानं तिला जुन्या जीपमध्ये घातलं आणि निघाला, तर ओढ्याच्या अलीकडं जीप चाकोरीवर टेकली. चारी चाकं फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. ट्रॅक्टर येईपर्यंत अव्वा मागच्या सीटवर आडवी पडून होती. तिनं हाय केलं नाही, असं धाकटा सांगतो, आणि सांगताना दर वेळी दुसरीकडं बघतो. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, मणका दबलाय, हाडं ठिसूळ झालीत, इंजेक्शनसाठी दर महिन्याला सोलापूरला यावं लागेल, आणि धक्का बसता कामा नये.

तेव्हा मी तिला जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर आणलं. तुमचे जावई गेले, पोरगी पुण्याला नोकरीला, तीन खोल्यांत मी एकटी. अव्वा माझ्याकडं दीड महिना राहिली. कुरकुर एका शब्दाची केली नाही, पण बोलणं बंद झालं. संध्याकाळ झाली की बाल्कनीत खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, आता धारा काढल्या असतील का. मी म्हणायचे, काढल्या असतील. दुसऱ्या दिवशी परत तेच. अंथरुणात पडून राहायचं झालं तरी चालंल, पण मला माझ्या वस्तीवर नेऊन टाका, असं ती शेवटी धाकट्याला फोनवर म्हणाली. मी दाराशी उभी होते. तो येऊन घेऊन गेला.

त्या दीड महिन्यातली एक गोष्ट सांगते. गॅरेजातून परत आले की मी खाली गाडी लावून वर बघायचे. चौथ्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात लाईट लागलेला असायचा. इतक्या वर्षांत तो मी स्वतः लावल्याशिवाय कधी लागलेला नव्हता. मी जिना चढून जायचे तेव्हा आत भाकरीचा वास असायचा, ती सांगूनही ऐकायची नाही, खुर्ची ओढून बसून भाकरी थापायची. आता हे वाचताना तुम्हाला वाटेल यात शॉकअप कुठं आलं. येईल.

धाकट्यानं जुनी जीप विकून एक सेकंडहँड फोर बाय फोर घेतली आणि थेट गॅरेजात आणून उभी केली. "अक्का, हिला उचलून दे की. अव्वाला महिन्याच्या महिन्याला न्यायचं आणायचं. चिखलात टेकाय नको," म्हणाला. आमचं ठरलं होतं, गाडी जमली तर अव्वा वस्तीवर राहणार, नाही जमली तर दिवाळीनंतर कायमची माझ्याकडं. अव्वाच्या कानावर हे गेलं होतं. तिनं मला निरोप पाठवला, मला हितनं उचलू नका, गाडी उचला. ती असं बोलते, तुम्हाला माहितीय.

मी मन लावून काम केलं. जास्त बाक असलेल्या कमानी घातल्या, गाडी तीन इंच वर आली. ब्रेकचे पाईप लांब केले. चाकं लोंबवून, दाबून मापं घेतली. मग धाकट्याला तुमचा प्रश्न विचारला, मागं काय असतं. तो म्हणाला, पेंडीची पोती, दुधाचे कॅन, कधी खताच्या गोण्या. झालं. माझ्या डोक्यात वडाप सुरू झालं. भरल्या गाडीचा विचार करायचा. मी गॅसचे कडक शॉकअप निवडले, गरम होऊन दम न सोडणारे, भरलेली उंच गाडी वळणावर झुकू न देणारे. परीक्षेला माणसं कुठून आणायची हा प्रश्न होता. आता पाळी सुटली की सगळे मोटरसायकलवर, आणि अनोळखी बाई गाडीत बसा म्हणाली तर लोक वळूनही बघत नाहीत. म्हणून कित्येक वर्षं मी वाळूची पोती भरते. तीच भरली, मागच्या कोपऱ्यात स्वतः बसले, तुमची डबी काढली आणि एमआयडीसीच्या मागच्या उखडलेल्या रस्त्यावर पान लावलं. चुना कडेपर्यंत सरळ गेला. मी पान खात नाही, ते फेकून दिलं, आणि गाडी जमली म्हणून धाकट्याला किल्ली दिली.

पुढच्या इंजेक्शनला अव्वा त्या गाडीतून आली. चिखलातून गाडी अशी आली म्हणे जशी डांबरावरून. दवाखान्याच्या दारात उतरताना तिनं माझा खांदा धरला आणि सोडलाच नाही. बाकावर बसेना. उभी राहते म्हणाली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही न्हाय, बसून बसून अवघडले. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा मात्र तिच्या तोंडून आवाज आला. त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, यांना कशातून आणलंत. मी धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं सांगितलं.

तिला सोडायला मी बरोबर गेले, मागच्या सीटवर, तिच्या शेजारी. गाडीत आम्ही तिघंच, पोतं एकही नाही. हायवेवर ठीक होतं. गावाकडं वळलो आणि मला कळलं. रिकाम्या गाडीला त्या कमानी दबतच नव्हत्या, ते शॉकअप हलतच नव्हते. लिंबाएवढा दगड चाकाखाली आला तरी तो आख्खा सीटमधून वर यायचा. अव्वानं समोरचा दांडा धरला होता. दर दगडाला तिचे ओठ मिटायचे आणि पुढच्या दगडापर्यंत उघडायचे. "निधान रे," ती धाकट्याला कानडीत म्हणाली, हळू. तो म्हणाला, हळूच चालवतोय की अव्वा. खरंच हळू चालवत होता. हळूनं काही होत नव्हतं. मी तिच्या पाठीमागं हात घातला आणि उरलेली वाट तशीच बसून राहिले. माझ्या मनगटावर जे आदळत होतं ते तिच्या मणक्यावर आदळत होतं, आणि ते मी निवडलं होतं. तुमची डबी माझ्या पिशवीत होती. ती फेकून द्यावीशी वाटली.

मी तुमच्यावर चिडले, अप्पा. परत येताना बसमध्ये मनातल्या मनात तुमच्याशी भांडत आले. तुमचा नियम वडापचा होता, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही. सगळ्या गाड्यांचा नियम म्हणून दिलात. रिकामी गाडी ड्रायव्हरची, आणि ड्रायव्हरला सवय हाय, म्हणजे काय? त्या ड्रायव्हरला पाठ नव्हती? उलटून जाब विचारावा तर तुम्ही फोटोत. मग बस टोलनाक्याशी थांबली, आणि एमआयडीसीतून निघालेल्या मोटरसायकली बघता बघता मला उगाच एक आठवलं. ते कारखान्यातले लोक जीपमधून उतरायचे तेव्हा तुम्ही मागं उभं राहून प्रत्येकाला विचारायचा, कंबर काय म्हणती? कुणी म्हणायचं बरी हाय, कुणी शिवी द्यायचं. तुमचं पान तेव्हा तोंडात असायचं, परीक्षा केव्हाच झालेली असायची, तरी विचारायचा. मी पान ठेवलं, वजन ठेवलं, आणि हे सोडलं, कारण वाळूच्या पोत्याला काय विचारणार? तरीही माझा राग पूर्ण गेला नाही. थोडा अजून आहे.

धाकटा दोन दिवसांनी गाडी घेऊन आला. म्हणाला, राहू दे अक्का, गाडीचा नाद सोड. तिला तुझ्याकडंच ने. मी म्हटलं, बघू, अजून एकदा करते. असं का म्हटलं ते पुढं सांगते. आम्ही गाडीखाली उकिडवे बसलो आणि मी त्याला समजावलं. पोत्यांसाठी कडक केली तर अव्वा मोडते, अव्वासाठी मऊ केली तर पोत्यांखाली गाडी बसते, आणि उंच गाडी मऊ असली तर ओढ्याच्या उतारावर डोलते, ते वेगळंच भय. नॉब फिरवून कडक-मऊ करता येणारे शॉकअप मिळतात. पण तू तो नॉब फिरवायला एक दिवस विसरशील, आणि तो दिवस तिचा असेल.

"मग पेंडीची पोती कशात आणू?" तो म्हणाला. "डोक्यावर?"

"ट्रॅक्टरमधनं आण. ही गाडी कुणासाठी उचलायची, एकाचं नाव घे."

तो बराच वेळ कमानीवरचा वाळलेला चिखल नखानं काढत बसला. त्याला ती गाडी पोत्यांसाठीही हवी होती, त्यात त्याचं चूक काहीच नव्हतं, शेत त्याचं एकट्याच्या जिवावर चाललंय. शेवटी म्हणाला, "अव्वाचं."

मग मी तुमचं मोडलं. कमानींतून एकेक पाटा काढला, गाडी इंचभर खाली आली. चाकोरीत पोट तरी सुटेल ना, हे आधी वस्तीवर जाऊन टेप धरून बघून आले. शॉकअप तेलाचे घेतले, दबताना मऊ आणि परतताना ताठ. दगडावर चाक चढताना शॉकअपनं लगेच वाट द्यायला हवी, आणि कमान परत उसळते तेव्हा तिला धरून सावकाश सोडायला हवं, कारण म्हाताऱ्या माणसाला दगडापेक्षा ती उसळी जास्त फेकते. पण परतताना फार ताठ घेतला तर पुढचा दगड येईपर्यंत चाक खाली पोचत नाही, गाडी दबत दबत पोटावर येते. दोन जोड बसवून काढले. तिसरा ठेवला. वाळूची पोती या वेळी आणलीच नाहीत. गॅरेजातल्या फिटरला चालवायला लावून रिकाम्या गाडीत मागं मी बसले, डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर मोकळे सोडून. पान मी लावलं नाही. म्हटलं, जिची पाठ आहे तिनं लावावं.

इंजेक्शनच्या दिवशी मी पहाटेच वस्तीवर गेले. अव्वाला मागं बसवलं, शेजारी मी. धाकटा चालवायला. वस्तीवरून निघताना ती दांडा धरायला लागली तर मी तिच्या हातात तुमची डबी दिली. तिनं माझ्याकडं बघितलं. मग चंचीतून पान काढलं, पदराला पुसलं. तुम्ही गेल्यापासून गाडीत पान लावलेलं तिला मी बघितलं नव्हतं. ओढ्याचा उतार आला. गाडी पुढं वाकली, एक चाक खाली लोंबलं, एक दगडावर चढलं, आणि गाडी थोडी कलंडून परत सरळ झाली, सावकाश, झोपेत कूस बदलल्यासारखी. अव्वाचं बोट पानावर होतं. देठापासून निघालं, शिरेच्या कडेनं गेलं आणि टोकाला जाऊन थांबलं. तिनं बोट वर करून आधी मला दाखवलं, मग आरशातून धाकट्याला. टोकाला चुन्याचा ठिपका होता, बाकी बोट स्वच्छ.

"जमली की, अक्का," धाकटा म्हणाला.

मी विचारलं, "अव्वा, कंबर काय म्हणती?"

"लई दिवसांनी गप हाय," ती म्हणाली.

दवाखान्यातून परत निघायच्या वेळी मी म्हटलं, आजच्या दिवस माझ्याकडं राहा, उद्या जा. तिनं पान गालात सरकवलं आणि म्हणाली, "कशाला? आता गाडी चांगली झाली की. धारा काढायच्या येळेला पोचंन. तू जा, तुला कामं असतील." धाकट्यानं दार लावलं. गाडी अक्कलकोट रोडला लागली आणि दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते, मागचा भाग उसळत नव्हता, डोलत नव्हता, कामात काही खोट नव्हती. मग फ्लॅटवर आले. सवयीनं खालून वर बघितलं.

आता ते सांगते जे सांगायला बसले आणि इतका वेळ मापं सांगत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. धाकटा म्हणाला ना, तिला तुझ्याकडंच ने, त्याच संध्याकाळी मी जाऊन एक बुटका पलंग घेतला. तिचे पाय जमिनीला टेकतील असा, कडक गादीचा. शॉकअप मागवायच्या आधी. पलंग आतल्या खोलीत आहे, वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. अजून एकदा करते असं धाकट्याला म्हटलं ते अव्वासाठी म्हटलं असं मला वाटायचं. पण खरं म्हणजे, नीट करून बघितलं आणि तरी जमलं नाही, असं एकदा म्हणता आलं असतं तर तिला आणताना माझ्यावर बोल लागला नसता. आणि पहिल्यांदा मी कडक शॉकअप निवडले ते नुसते तुमच्या सवयीनं, की मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात हा पलंग तेव्हाच मांडलेला होता, हे मला ठरवता येत नाही. दुसऱ्यांदा हातानं कामचुकारपणा केला नाही, एवढं तुम्हाला तोंड वर करून सांगते. हात तुमचे आहेत, ते खोटं करत नाहीत. मनाचं मी सांगू शकत नाही.

हे कुणाला दाखवायचं नाही. धाकट्याला नाही, अव्वाला तर नाहीच. पलंग पोरीसाठी घेतला असं सांगेन, ती दिवाळीला येते. पण तुम्हाला एवढं सांगून थांबते. ओढ्याच्या उतारावर अव्वानं बोट वर केलं तेव्हा धाकटा हसला, ती हसली, मीही हसले. अप्पा, मला तो चुना तिच्या बोटांना लागायला हवा होता.